शंका कितीला फिटते? लॅबमधून व्हेंचर फंडात येणाऱ्यांसाठी

मी नेमकं काय काम करते हे आईला समजायला दोन दिवाळ्या लागल्या. पहिल्या दिवाळीला तिने विचारलं, "म्हणजे सावकारी का गं?" आमचं घर इचलकरंजीचं. यंत्रमागाच्या गावात पैसे लावणारा माणूस एकतर व्यापारी, नाहीतर सावकार. प्रश्न रास्तच होता. मी म्हटलं, "सावकाराला प्रत्येकाकडून मुद्दल परत हवं असतं. आम्ही पैसे लावतानाच निम्म्या कंपन्या बुडतील असं धरतो. तारण घेत नाही, शेअर घेतो." ती थोडा वेळ करंज्यांच्या कडा कातत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे जुगार."

पॉलिमरमध्ये पीएचडी, पाणी गाळायच्या मेम्ब्रेनवर सहा वर्षं काम, आणि गेली अकरा वर्षं पुण्यात एका लहानशा फंडात. आम्ही रसायन, जैवतंत्रज्ञान, मटेरियल अशा, लॅबमधून बाहेर पडणाऱ्या कंपन्यांत पैसे घालतो. महिन्याला एखादा तरी मेल येतोच: "मॅडम, थिसिस संपत आलाय, व्हीसीत यायचंय, एमबीए करू का?" (व्हीसी म्हणजे व्हेंचर कॅपिटल, हाच आमचा धंदा.) दर वेळी तेच तेच लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

एमबीएचं आधी सांगून टाकते: गरज नाही. ताळेबंद वाचता येणं, कॅप टेबल, म्हणजे कंपनीत कुणाचा किती हिस्सा याचा तक्ता, मांडता येणं आणि टर्म शीटमधली, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या मसुद्यातली, दहा-बारा कलमं कळणं एवढं लागतं. एखाद्या सीए मैत्रिणीला चहा पाजत तीन महिने संध्याकाळी बसलात तर जमतं. मला एका सवयीपायी जास्त वेळ लागला. ती सवय तुम्हालाही असणार.

तुमची मोठी अडचण: तुम्हाला शंका फार छान काढता येतात

गुंतवणूक समितीपुढे मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्याकडे ४२ स्लाइड्स होत्या. कॅटॅलिस्टची यंत्रणा, स्पेक्ट्रा, स्पर्धकांचे पेपर, आणि शेवटी माझ्या सात शंका, क्रमवारीने. पेपर तपासायला आला असता तर संपादक खूश झाला असता. आमचे ज्येष्ठ भागीदार दहा मिनिटं ऐकून म्हणाले, "हे सगळं खरं आहे असं धरू. मग?"

मला उत्तर देता येईना. त्यांनी माझी सात शंकांची स्लाइड परत लावायला सांगितली. "यातली कुठली शंका ५ लाखांत फिटते, आणि कुठली ५ कोटींत?"

मराठीत कर्जही फिटतं आणि शंकाही फिटते. आमचा सगळा धंदा त्या एका क्रियापदात आहे. तेव्हापासून मी प्रत्येक कंपनीसाठी वहीत चार रकाने आखते: शंका, ती फिटवणारा प्रयोग, रुपये, महिने. तिसरा आणि चौथा रकाना भरता आला नाही, तर ती शंका समितीत न्यायची नाही. "स्केल-अपला त्रास होईल असं वाटतं" हे वाक्य माझ्या टिपणात चालत नाही. "५ लिटरला ९२ टक्के उतारा आहे, ५०० लिटरला उष्णता बाहेर काढता येते का हे बघायला भाड्याच्या पायलट प्लांटवर तीन बॅच, १८ लाख, चार महिने" हे चालतं. तुमचं शिक्षण कामाला येतं ते इथे. सीए किंवा बँकर शंका ऐकू शकतो, पण ती सगळ्यात स्वस्तात फिटवणारा प्रयोग त्याला सुचत नाही. तुम्हाला सुचतो.

हे काही आजचं नाही

शास्त्रज्ञ या धंद्यात सुरुवातीपासून आहेत. १९४६ साली बोस्टनला अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट ही आजच्या अर्थाच्या अगदी पहिल्या व्हेंचर कंपन्यांपैकी एक निघाली. तिच्या संस्थापकांत हार्वर्डला शिकवणाऱ्या जॉर्ज डोरिओ यांच्या जोडीला एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन होते, ते भौतिकशास्त्रज्ञ. याच कंपनीने १९५७ साली डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत ७०,००० डॉलर घातले आणि त्या एका गुंतवणुकीवर ती नावारूपाला आली.

पण नव्याने येणाऱ्यांना मी जेनेन्टेक या अमेरिकन जैवतंत्रज्ञान कंपनीची गोष्ट सांगते, कारण माझ्या वहीतले रकाने तिच्यात आयते सापडतात. रॉबर्ट स्वॉन्सन हा एमआयटीत रसायनशास्त्र शिकलेला, क्लायनर पर्किन्स या फंडात काम केलेला अठ्ठावीस वर्षांचा मुलगा. १९७६ साली तो सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हर्बर्ट बॉयर यांना भेटला. बॉयर डीएनएचे तुकडे जोडण्याच्या तंत्राचे एक जनक. जिवाणूकडून माणसाचं इन्सुलिन बनवून घ्यायचं अशी कल्पना ठरली. त्याच फंडाचे टॉम पर्किन्स यांनी सुरुवातीला १ लाख डॉलर दिले, पण आधी स्वतःची लॅब बांधू नका, काम जिथे होऊ शकतं तिथेच करून घ्या, असा आग्रह धरला. डीएनएचे तुकडे सिटी ऑफ होप या रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात बनले, जिवाणूंचं काम बॉयर यांच्या लॅबमध्ये झालं.

आणि पहिला रेणू म्हणून त्यांनी इन्सुलिन निवडलंच नाही. निवडलं सोमॅटोस्टॅटिन. इन्सुलिनमध्ये दोन साखळ्यांत मिळून ५१ अमिनो आम्लं, सोमॅटोस्टॅटिनमध्ये फक्त १४. सोमॅटोस्टॅटिन विकून कंपनी मोठी होणार नव्हती. पण "जिवाणू माणसाचं संप्रेरक बनवतो का" ही मूळ शंका तिथे सगळ्यात स्वस्तात फिटत होती. पहिल्या खेपेला काहीच हाती लागलं नाही. जिवाणू ते छोटं प्रथिन तयार होताच मोडून खात होते. मग त्याला एका मोठ्या प्रथिनाच्या शेपटीला बांधलं आणि नंतर रसायनाने सोडवलं. १९७७ मध्ये ते जमलं, १९७८ मध्ये इन्सुलिन जमलं, १९८० मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. इन्सुलिन औषध म्हणून मंजूर व्हायला मात्र १९८२ उजाडलं. म्हणजे शेअर बाजारात पैसा आला तेव्हा बाजारात औषध नव्हतं, शंका मात्र फिटलेल्या होत्या.

आता माझ्या वहीतलं एक पान

काही वर्षांपूर्वी रंगाचं सांडपाणी गाळणाऱ्या मेम्ब्रेनची एक कंपनी आमच्याकडे आली. आलेख सुंदर: तीस दिवस प्रवाह ताशी प्रति चौरस मीटर ६० लिटर, रेष जवळजवळ आडवी. इतकी आडवी रेष बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. मी संस्थापकाला म्हटलं, डेक (गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड्स) राहू दे, लॅब नोटबुक दाखव. बिचाऱ्याने लगेच काढून दिली. (ती द्यायला जे आढेवेढे घेतात त्यांच्याशी पुढे बोलू नका. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?) अकराव्या पानावर उत्तर होतं. गाळलेलं पाणी म्हणजे शुद्ध पाण्यात विकतचा रंग आणि मीठ.

इचलकरंजीतल्या पोरीला हे पुरेसं होतं. खऱ्या प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापड धुऊन रंगवणाऱ्या कारखान्याच्या, पाण्यात नुसता रंग नसतो. कापड विणण्याआधी सुताला सायझिंगमध्ये खळ चढवतात, ती नंतर धुवून काढतात. तिचा स्टार्च, साबण, कॉस्टिक सगळं त्याच नाल्यात येतं. मामांच्या ओळखीने एका प्रोसेस हाउसमधून ३५ लिटरचे दोन कॅन भरून घेतले आणि गाडीच्या डिकीत टाकून पुण्याला आणले. झाकणं घट्ट लावली होती तरी गाडीला पंधरा दिवस वास होता. नवऱ्याचं यावरचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

नवव्या दिवशी प्रवाह ६० वरून २२ वर आला. मेम्ब्रेन काढून बघितलं तर वर बोटाने खरवडता येईल असा फिकट निळा साका. कॉस्टिकने धुतल्यावर प्रवाह ४१ पर्यंत चढला, पुढे नाही. संस्थापकाने ते आकडे स्वतः रात्री मेलने पाठवले, आणि सोबत साक्याच्या थेंबावर आयोडीन टाकल्याचा फोटो, काळानिळा. स्टार्च. त्याला रोग सापडला होता.

मी समितीपुढे पान ठेवलं. पहिली शंका: अमायलेज एन्झाइमने स्टार्च आधी पचवला तर प्रवाह टिकतो का. १० धुण्यांची चाचणी, ४ लाख, तीन महिने. दुसरी: त्या एन्झाइमचा खर्च धरून हजार लिटरला किती रुपये पडतात, आणि प्रोसेसवाला तेवढे देतो का. एका कारखान्यात सहा महिन्यांचा पायलट, ६० लाख. तिसरी, मेम्ब्रेन तीन वर्षं टिकेल का, ही पैशाने लवकर फिटणारी नव्हती, ती आम्ही अंगावर घेतली. त्याप्रमाणे पैसे दोन हप्त्यांत ठरले: आधी ८० लाख, आणि दहा धुण्यांनंतर मूळच्या ८५ टक्के प्रवाह राहिला तर पुढचे. दुसऱ्या प्रयत्नात तो राहिला. कंपनी आज चालू आहे. आम्हाला त्यातून एक रुपयाही अजून परत आलेला नाही, हेही लिहिते.

गणित, जे कुणी शिकवत नाही

कागदावर एकदा करून बघा. समजा २०० कोटींचा फंड. त्यातले वर्षाला दोन टक्के व्यवस्थापन शुल्कात जातात. सगळी वर्षं मिळून गुंतवायला साधारण १६० ते १७० कोटी उरतात. एका कंपनीत तुम्ही १० कोटी घातले आणि २५ टक्के हिस्सा मिळाला. पुढे कंपनीने आणखी दोनदा पैसे उभारले, दर वेळी २० टक्के नवे मालक आले. तुमचे २५ चे २० झाले, २० चे १६. आता ही एकच कंपनी अख्खा फंड परत आणायची असेल, तर ती कितीला विकली गेली पाहिजे? १,२५० कोटींना.

हा आकडा समोर ठेवला की "मग?" या प्रश्नाचा अर्थ कळतो. विज्ञान खरं, संस्थापक उत्तम, प्रयोग नेटका, पण देशातली सगळी गिऱ्हाइकं मिळून वर्षाला ४० कोटींचं घेणार असतील, तर ती चांगली कंपनी आहे आणि व्हेंचर फंडाच्या कामाची नाही. अशा लोकांना तोंडावर सांगा की बँकेकडे जा, अनुदान घ्या, नफ्यावर वाढा. मी सुरुवातीला हे सांगायला कचरत होते, "विचार करून कळवतो" म्हणत सहा महिने लटकवायचे. त्यापेक्षा वाईट वागणूक नाही. नाही म्हणायचं तर दोन आठवड्यांत, आणि कारणासकट.

पेटंट कसं वाचायचं

सारांश वाचू नका, दावे वाचा. पहिला दावा काय काय धरतो आणि काय सोडतो तेवढं बघा. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर परीक्षण अहवाल फुकट बघायला मिळतो. परीक्षकाने घेतलेले आक्षेप आणि त्यावर अर्जदाराने कुठे माघार घेतली, हे डेकमध्ये कधीच नसतं. मग मालकी: पीएचडीत केलेलं काम बहुधा संस्थेचं असतं, तेव्हा कंपनीकडे परवाना आहे का, एकट्यालाच आहे का. पेपर आधी छापला आणि अर्ज नंतर केला असेल तर आपल्याकडे बहुतेक वेळा खेळ संपला. शेवटी वर्षं मोजा. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. २०१५ चा अर्ज आणि २०२८ ला बाजारात येणारं उत्पादन म्हणजे हातात सात वर्षं.

दार कुठलं ठोठवायचं

जाहिरात बघून या धंद्यात फारसं कुणी येत नाही. मी आले ती तपासनीस म्हणून. फंडाला एका कंपनीचं मेम्ब्रेन तपासून हवं होतं, मी रजा काढून दोन दिवस बसले, अहवाल लिहिला. असे चार अहवाल झाल्यावर त्यांनीच विचारलं.

तुम्हाला सगळ्यात जवळचा रस्ता इनक्युबेटरचा, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणाऱ्या केंद्राचा. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात व्हेंचर सेंटर २००७ पासून आहे. आयआयटी मुंबईत साइन आहे, ड्रोन बनवणारी आणि २०२३ मध्ये शेअर बाजारात आलेली आयडियाफोर्ज तिथलीच. बंगळुरूला सी-कॅम्प. बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं बिग अनुदान, म्हणजे १८ महिन्यांत ५० लाखांपर्यंत, अशाच केंद्रांमार्फत दिलं जातं, आणि आलेले अर्ज वाचायला त्यांना विषय कळणारी माणसं लागतात. मानधन बघू नका. वर्षभरात पन्नास कल्पना एकाखाली एक वाचल्या की स्वतःची नजर तयार होते. शिवाय २०२५ मध्ये केंद्राने १ लाख कोटींची संशोधन-विकास-नवोन्मेष योजना मंजूर केली. ती तंत्रज्ञान-सिद्धतेच्या, म्हणजे तंत्रज्ञान वापरासाठी किती तयार आहे हे मोजणाऱ्या पट्टीच्या, चौथ्या पायरीपासून वरच्या कामांसाठी आहे, आणि त्यातला पैसा फंडांमार्फतही जाणार आहे. "हे काम चौथ्या पायरीवर आहे की अजून तिसऱ्याच" हे छातीठोकपणे सांगणाऱ्याला आता मागणी आहे.

दुसरं, टिपणं लिहा. लॅबमधून निघालेल्या तीन खऱ्या कंपन्या निवडा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडी फी भरली की कंपनीचे सार्वजनिक कागद उघडतात. त्यातला पॅस-३ हा फॉर्म बघा: कधी, कुणाला, किती शेअर, काय भावाने दिले. ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्रही तिथेच. पेपर, पेटंट आणि हे कागद जोडून चार पानी टिपण करा: गुंतवू की नको, का, आणि चार रकान्यांचं ते पान. ते टिपण फंडाला पाठवा. सीव्हीपेक्षा मी ते आधी उघडते. आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नका. नोकरी हवी असेल तर "मार्गदर्शन हवं आहे" लिहू नका.

सेबीच्या २०१२ च्या नियमांखाली नोंदलेल्या फंडांत मुख्य गुंतवणूक चमूतल्या एकाला तरी एनआयएसएमची (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्सची) परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. पुस्तक कोरडं आहे, पण फंडाची रचना त्यातून कळते. देऊन टाका.

न दिसणारी चूक

लॅबमध्ये चुकीचा दावा केला तर नाव जातं, म्हणून आपण "नाही"कडे झुकतो. फंडात बुडालेली कंपनी सगळ्यांना दिसते, नाकारलेली कुणाला दिसत नाही. मी एका एन्झाइमच्या कंपनीला नाही म्हटलं होतं: चाळीस अंशांना सहा तासांत निम्मी ताकद जायची, आणि त्यांना ते कापड धुण्याच्या पावडरीत घालायचं होतं. माझं रसायनशास्त्र बरोबरच होतं. दुसऱ्या कुणीतरी त्यांना विचारलं की वीस मिनिटं टिकलं तर चालेल असं काम कुठलं? एकदा वापरून टाकायच्या तपासणी किटमध्ये ते गेलं. हा प्रश्न मीही विचारू शकले असते. नाकारलेल्या कंपन्यांची मी आता वेगळी वही ठेवते आणि दर जानेवारीत ती वाचते. तो दिवस माझा वाईट जातो.

पगाराचं

सुरुवातीचा पगार औषध कंपनीतल्या तुमच्या बॅचमेटपेक्षा कमी असू शकतो. कॅरी, म्हणजे नफ्यातला वाटा, ऐकायला गोड. पण फंडाचं आयुष्य आठ-दहा वर्षं, गुंतवणूकदारांच्या संमतीने आणखी दोन. वाटा हातात पडतो तो शेवटाकडे, पडलाच तर. गृहकर्ज त्यावर विसंबून काढू नका.

मुलाखतीत एक प्रश्न तुम्ही नक्की विचारा: चालू फंड कितव्या वर्षात आहे? पहिल्या-दुसऱ्या वर्षात असेल तर नव्या कंपन्या शोधायला, निवडायला, समितीपुढे हरायला मिळेल. सहाव्या वर्षात असेल तर नवी गुंतवणूक जवळपास संपलेली असते. तुमचे दिवस जुन्या कंपन्यांच्या बोर्ड मीटिंगात आणि खरेदीदार शोधण्यात जातील, आणि पुढचा फंड उभा राहीपर्यंत तुमची वही कोरी राहील. मग पुढच्या फंडासाठी किती पैसे जमलेत तेही तिथल्या तिथे विचारा. ते टाळाटाळ करू लागले, तर तुमच्या वहीत पहिली शंका मांडा, आणि ती कितीला फिटते ते घरी येऊन मोजा.